मुख्य चौकात नाताळचे झाड उभारायचे असेल तर : नाव, पाळी, पैसा आणि वीज

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी मुख्य चौक हा साऱ्या गावाचा असतो, आणि साऱ्या गावाचा असल्यामुळेच त्याच्यावरून तंटा लागायला फार वेळ लागत नाही. गणपतींचे विसर्जन होते, देवीचे घट उठतात, दिवाळीचे आकाशकंदील उतरतात आणि डिसेंबर लागता लागता कुणीतरी नगरपालिकेत अर्ज देते, की यंदा चौकात नाताळचे झाड आणि चांदणी लावू द्यावी. त्या अर्जावर आवकचा शिक्का बसण्याआधीच चहाच्या हॉटेलात चर्चा सुरू होते : हा सण इथला आहे का, पैसा कुणाचा, आज यांना जागा दिली तर उद्या त्यांना का नाही. आमच्या गावच्या शांतता समितीत मी गेली बारा वर्षे बसतो आहे आणि त्यातली सात वर्षे चौकातल्या रोषणाईचे काम माझ्याकडे आहे. या काळात जे चुकले आणि जे जमले त्यावरून हे लिहितो आहे. माझे म्हणणे असे, की सणाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी, चौक सर्वांना पाळीपाळीने द्यावा, आणि हे सगळे पहिली माळ टांगण्याआधी कागदावर यावे. माळ लागल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा वाटतो, आणि मग तो कितीही रास्त असला तरी कुणी मानत नाही.

ज्यांचा सण, त्यांना आधी विचारावे

पुष्कळदा झाडाची कल्पना व्यापाऱ्यांकडून येते, कारण ३१ डिसेंबरपर्यंत बाजारात गर्दी राहावी असे त्यांना वाटते. यात गैर काही नाही. परंतु गावातल्या ख्रिस्ती मंडळीला न विचारता त्यांच्या सणाची सजावट चौकात मांडणे बरे नव्हे. म्हणून पहिली भेट चर्चच्या पाळकांची किंवा फादरांची घ्यावी, आणि त्यांच्याबरोबर मंडळीतल्या दोन-चार वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांशीही बोलावे. झाड हवे का, की नुसती चांदणी पुरे, गव्हाणीचा देखावा चौकात मांडावा की तो उपासनेचा भाग म्हणून चर्चच्या आवारातच ठेवावा, याची उत्तरे प्रत्येक मंडळीत वेगळी मिळतात. आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी सांगितले, की झाड आणि चांदणी चौकात शोभते, पण बाळ येशूची मूर्ती रहदारीच्या धुळीत नको. आम्ही ते तंतोतंत पाळले आणि त्यामुळे निम्मे प्रश्न उपस्थितच झाले नाहीत.

'हा सण परका आहे' असे म्हणणाऱ्यांशी हुज्जत घालू नये, माहिती द्यावी. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच वसवली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतले चर्च इंग्रजी अमदानीतले आहे. गावोगावच्या मंडळ्यांत नाताळच्या आदल्या आठवड्यात करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या तळल्या जातात आणि रात्री ढोलकी-पेटीवर मराठी गाणी म्हणत पोरे घरोघर फिरतात. शेजारच्या आळीत तीन-चार पिढ्या साजरा होत आलेला सण परका म्हणता येणार नाही. बैठकीत हे सांगायचे असेल तर ते मंडळीतल्याच एखाद्या वयस्कर माणसाने सांगावे. आमच्यासारख्यांनी त्यांच्या वतीने वकिली केली की ते उपकारासारखे वाटते, आणि चौकात जागा मिळणे हा कुणी कुणावर केलेला उपकार नसतो.

नाव बदलून वाद मिटत नाही

माझ्या अनुभवातली सर्वांत मोठी चूक इथेच झाली. आमच्या गावी पहिल्या वर्षी वाद टाळण्यासाठी नगरपालिकेच्या कार्यालयाने सुचवले, की फलकावर 'नाताळ' न लिहिता 'वर्षअखेर प्रकाशोत्सव' लिहावे. आम्हालाही ते सोयीचे वाटले. बैठकीत मागच्या रांगेत बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सणाला नाताळच म्हना, बाबा. वर्ष तर समद्यांचंच सरतंय, त्याला आम्ही कशाला पायजे?" सभागृहात क्षणभर कुणी बोलले नाही. ज्यांचा विरोध होता त्यांनीही नंतर मान्य केले, की नाव चोरून सण साजरा करणे हे विरोधापेक्षा वाईट.

हा प्रश्न आपल्याच गावापुरता आहे असे नाही. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी भीषण स्फोट झाला तेव्हा अमेरिकेतल्या बोस्टन शहराने तातडीने मदत पाठवली होती. तिच्या कृतज्ञतेपोटी नोव्हा स्कॉशिया प्रांताकडून १९७१ पासून दरवर्षी एक मोठे झाड बोस्टनला भेट जाते. २००५ साली त्या झाडाचा उल्लेख 'नाताळचे झाड' असा न करता 'सुट्ट्यांचे झाड' असा झाला आणि मोठे वादंग माजले. ज्याच्या रानातले ते झाड होते तो शेतकरीही या नावाने दुखावला. दुसऱ्या वर्षी सिॲटलच्या विमानतळावर एका ज्यू धर्मगुरूने नाताळच्या झाडांशेजारी ज्यूंच्या हनुक्का सणाचा दीपवृक्षही लावण्याची मागणी केली, तेव्हा प्रशासनाने घाबरून झाडेच काढून टाकली. लोक संतापले, त्या धर्मगुरूंनी झाडे काढा असे कधी म्हटलेच नव्हते, आणि काही दिवसांत झाडे परत लावावी लागली. नाव पुसणे आणि सगळेच काढून टाकणे या दोन्ही वाटा तिथे तपासून झाल्या आहेत, त्यामुळे आपण त्या पुन्हा तपासत बसू नये. नावात काय असते हे तर मराठवाड्याला कुणी सांगायची गरज नाही. इथल्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी सोळा वर्षे लढा दिला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

म्हणून फलकावर स्पष्ट लिहावे : 'नाताळच्या शुभेच्छा'. ईदच्या वेळी ईद, दिवाळीच्या वेळी दिवाळी, भीमजयंतीच्या वेळी भीमजयंती. त्याचप्रमाणे 'सर्वधर्मसमभाव' दाखवण्यासाठी एकाच झाडावर सर्व धर्मांची चिन्हे टांगण्याचा मोह आवरावा. असे झाड कुणालाच आपले वाटत नाही, आणि कुठले चिन्ह वर, कुठले खाली यावरून नवा वाद मात्र सुरू होतो.

पाळीचा कागद

'आज यांना, उद्या त्यांना का नाही' या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देता येत नाही, ते दिनदर्शिकेने द्यावे लागते. ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे गणपतीच्या गडबडीआधी, चौकाची वर्षभराची दिनदर्शिका तयार करावी. त्यात १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन घालावा, कारण १९४८ सालचा तो दिवस इथल्या प्रत्येक घराचा आहे आणि सरकारी इमारतींवर त्या दिवशी रोषणाई होतेच. मग गणेशोत्सव, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, गुरुनानक जयंती, नाताळ, १२ जानेवारीची जिजाऊ जयंती, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, महावीर जयंती, १४ एप्रिल, आणि चंद्रदर्शनाप्रमाणे सरकत जाणारी ईद. गावागावाप्रमाणे यात भर पडेल. परभणीत फेब्रुवारीतला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस वगळून दिनदर्शिका होऊच शकत नाही, आणि नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वाराचा दसरा व होला मोहल्ला धरल्याशिवाय चालणार नाही.

प्रत्येक सणापुढे चार गोष्टी लिहाव्यात : रोषणाई कोणत्या तारखेला लागेल, कोणत्या तारखेला उतरेल, जबाबदार मंडळ कोणते, आणि चौकातली नेमकी जागा कोणती. उतरवण्याची तारीख लावण्याच्या तारखेपेक्षा महत्त्वाची आहे. नाताळसाठी आम्ही २० डिसेंबर ते १ जानेवारी अशी मुदत ठरवली. पुष्कळ मंडळ्यांत ६ जानेवारीपर्यंत सण धरतात, तिथे ती तारीख घ्यावी. पण ७ तारखेला चौक रिकामा झालाच पाहिजे, म्हणजे जिजाऊ जयंतीची तयारी अडत नाही. लातूर आणि धाराशिव भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : याच सुमारास येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, येते. त्या दिवशी सारे गाव शेतात भज्जी आणि आंबील खायला गेलेले असते. वायरमन मिळत नाही, वेल्डर मिळत नाही आणि बाजारपेठ बंद असते, त्यामुळे उभारणीचा दिवस ठरवताना ती पंचांगात बघून घ्यावी.

हा कागद शांतता समितीच्या बैठकीत वाचून त्यावर सर्व मंडळांच्या सह्या घ्याव्यात आणि मग नगरपालिकेकडे ठरावासाठी द्यावा. निवडून आलेली सभा अस्तित्वात नसेल तर तोच कागद प्रशासकांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. ठरावाच्या मसुद्यात 'सर्व सणांना समान जागा, समान मुदत आणि समान अटी' हे शब्द असावेत. नंतर कुठल्याही सणाला हरकत निघाली की बोट त्या ओळीवर ठेवता येते.

पैसा कुणाचा

या मुद्द्यावर गावात आवाज सर्वांत जास्त चढतो, म्हणून इथे काटेकोर राहावे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याचा पैसा खास राखून ठेवला आहे असा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, असे भारतीय संविधानाचे अनुच्छेद २७ सांगते. वकिलांमध्ये त्याच्या व्याप्तीवर चर्चा होऊ शकते, पण गावपातळीवर माझ्या मते एकच वाट सुरक्षित आहे : झाडाचा, माळांचा, चांदणीचा आणि विजेचा खर्च वर्गणीतून करावा. नगरपालिकेकडून फक्त तेवढेच घ्यावे जे ती प्रत्येक सणाला देते, म्हणजे झाडलोट, रस्त्यावरच्या दिव्यांची दुरुस्ती, पाण्याचा टँकर आणि अग्निशमनाची गाडी.

अमेरिकेत सार्वजनिक जागेतल्या देखाव्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. १९८४ साली पॉटकेट शहराच्या बाजारपेठेतल्या देखाव्याला मुभा मिळाली, कारण तिथे गव्हाणीबरोबर झाड, सांताक्लॉज आणि इतर सजावट होती. १९८९ साली पिट्सबर्गमध्ये न्यायालयाच्या इमारतीतल्या जिन्यावर एकटी मांडलेली गव्हाणी अमान्य झाली, तर दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी झाडाशेजारी उभा केलेला ज्यूंचा १८ फुटी दीपवृक्ष मान्य झाला. तिथला कायदा आपल्याला लागू नाही. पण जागा कुठली आहे आणि शेजारी काय आहे यावर बघणाऱ्याच्या मनात उमटणारा अर्थ बदलतो, हे त्या निकालांतून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडेही झाड नगरपालिकेच्या दारात उभारण्यापेक्षा चौकाच्या मोकळ्या बाजूला उभारावे.

वर्गणीसाठी छापील, क्रमांक घातलेली पावतीपुस्तके वापरावीत. मंडळ नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयात रीतसर अर्ज करावा, गणेश मंडळे करतात तसाच. वर्गणी फक्त एका समाजाकडून किंवा फक्त व्यापाऱ्यांकडून घेऊ नये. आमच्याकडे किराणा दुकानदार, रसवंतीवाला, रिक्षा स्टँड, मंडळी, दोन गणेश मंडळे आणि एक जयंती समिती अशा सर्वांच्या छोट्या पावत्या असतात. ज्याची पन्नास रुपयांची पावती फाडली आहे तो माणूस माळ तोडणाऱ्याला हटकतो.

एक अट मात्र सोडू नये. झाडावर किंवा त्याच्या चौथऱ्यावर कुणाचाही जाहिरातीचा अगर शुभेच्छांचा फ्लेक्स लागता कामा नये. विनापरवाना फलकांसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहेच, परंतु कायद्याआधी आपलाच नियम कडक हवा. एका पुढाऱ्याचा फोटो लागला की दुसऱ्याचा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी झाड दिसेनासे होते.

दुष्काळाच्या वर्षी काय करावे हाही पैशाइतकाच नाजूक प्रश्न आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षात चौक झगमगवणे मनाला पटत नाही, आणि कुणी तसे बोलून दाखवले तर त्याला सणाचा विरोधक ठरवू नये. आम्ही दिनदर्शिकेतच लिहून ठेवले आहे, की तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला तर प्रत्येक सणाला केवळ एक चांदणी किंवा एक कंदील आणि तोही चार रात्री. हा नियम दिवाळीला लागू आहे म्हणूनच नाताळला लागू करताना कुणाला वाईट वाटत नाही.

झाड कसे उभारावे

खरे झाड तोडून आणू नये. थंड प्रदेशातली स्प्रूसची झाडे आपल्याकडे होत नाहीत, आणि सुरूचे झाड तोडून उभे केले तर आपल्या कोरड्या हवेत आठवडाभरात त्याची रया जाते. रोममध्ये २०१७ साली सुमारे ४८ हजार युरो खर्चून आणलेले झाड नाताळच्या आधीच वाळले आणि लोकांनी त्याला 'टकल्या' अशा अर्थाचे नाव ठेवले. लंडनच्या ट्राफल्गार चौकात नॉर्वेची राजधानी ऑस्लो १९४७ पासून दरवर्षी कृतज्ञतेचे झाड पाठवते, पण ते विरळ दिसते अशी तक्रार तिथेही होते. गावात आधीपासून मोठे झाड असेल तर त्यावर माळ सोडता येते. मात्र खिळे ठोकू नयेत, फांद्या छाटू नयेत आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे लोखंडी सांगाडा. आमचा सांगाडा ३० फूट उंचीचा आहे. मधोमध दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा खांब आहे, तळाशी १२ फूट व्यासाचे सळईचे कडे आहे, आणि वर जाताना लहान लहान होत जाणारी आणखी पाच कडी आहेत. चौकात खड्डा खोदू नये, कारण खाली जलवाहिनी असू शकते. त्याऐवजी पायाला चौकोनी पाट्या जोडून त्यांवर वाळूची पोती रचावीत आणि शेंड्याखालून चार बाजूंना तारेचे ताण द्यावेत. ताणांना डोळ्याच्या उंचीवर पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, म्हणजे अंधारात सायकलवाला अडकत नाही. बाहेरून आपल्या शेतकऱ्यांकडे असते ती हिरवी शेडनेट गुंडाळावी. प्लास्टिकचा सलग कपडा वाऱ्याने शिडासारखा फुगतो, शेडनेटमधून वारा आरपार जातो.

माळा गोल गुंडाळण्यापेक्षा शेंड्यापासून खाली सरळ सोडाव्यात. ट्राफल्गार चौकातल्या झाडावर नॉर्वेच्या पद्धतीने अशाच उभ्या माळा असतात. त्याचा फायदा असा, की एक माळ बिघडली तर एकच पट्टी अंधारी राहते आणि तेवढीच बदलावी लागते. हिशेब सोपा आहे. तळाचा घेर सुमारे ३८ फूट, म्हणून फूटभर अंतराने ३८ ते ४० माळा लागतात. उताराची लांबी ३०.६ फूट येते, म्हणजे १० मीटरची एक माळ एका उभ्या पट्टीला बरोबर पुरते.

जागा निवडताना एक पथ्य कधीही मोडू नये : चौकातल्या कोणत्याही पुतळ्याला, त्याच्या कठड्याला, चौथऱ्याला किंवा झेंड्याच्या खांबाला माळ, दोरी अगर ताण बांधायचा नाही, आणि झाडामुळे पुतळा कोणत्याही बाजूने झाकला जाता कामा नये. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात आणि मध्ये जगदंबेचे मंदिर आहे. अशा ठिकाणी झाड मध्यभागी आणण्याचा हट्ट चुकीचा ठरेल, ते एखाद्या रुंद रस्त्याच्या तोंडाशीच शोभेल.

चांदणी

झाडापेक्षा माझा जीव चांदणीत जास्त आहे, कारण ती गावातली मुले स्वतः करतात. बांबूच्या दहा सारख्या कामट्या तासून घ्याव्यात. पाच कामट्या एकमेकींवर वरखाली घेत त्यांचा पंचकोनी तारा बांधावा आणि तसाच दुसरा करावा. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळावीत. मग आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी वीतभर लांबीच्या पाच आखूड कामट्या खुंटीसारख्या उभ्या बसवाव्यात, म्हणजे ताऱ्याचे पोट फुगते आणि आत दिव्याला जागा होते. वरून जिलेटीनचा कागद गव्हाच्या खळीने चिकटवावा आणि मागची एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवावी. आमच्याकडे ज्याच्या हातचे आकाशकंदील दिवाळीत सर्वांत आधी संपतात, तोच तरुण मंडळीतल्या पोरांना कामट्या तासायला शिकवतो. खळीत थोडा मोरचूद घालण्याची युक्तीही त्याचीच : झुरळे कागद खात नाहीत. मोरचूद विषारी असतो, म्हणून तेवढी खळ मोठ्यांनीच शिजवावी आणि मुलांना नंतर हात स्वच्छ धुवायला लावावेत.

वीज : इथे हयगय नको

आकडा टाकून घेतलेली वीज ही चोरी आहे आणि विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली तो गुन्हा आहे. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून जोड घेणेही टाळावे. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा आणि भार आकडेमोड करून लिहावा. १५ वॅटचे ३०० जुने झिरोचे बल्ब लावले तर भार ४.५ किलोवॅट होतो, तार जवळजवळ २० अँपिअर वाहते, आणि रोज पाच तास याप्रमाणे १२ रात्रींत २७० युनिट जळतात. त्याऐवजी ८ वॅटच्या ४० एलईडी माळा घेतल्या तर भार ३२० वॅट आणि तितक्याच वेळात १९.२ युनिट. हे दोन आकडे बैठकीत फळ्यावर लिहून दाखवावेत. विजेच्या उधळपट्टीची हरकत तिथेच निवळते.

मुख्य पेटीत एमसीबीबरोबर (जादा भार आला की आपोआप पडणारा खटका) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, हवाच. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्यावे. सांधे उघड्यावर नुसत्या चिकटपट्टीने न गुंडाळता झाकणाच्या जोडपेटीत घ्यावेत आणि जोडपेटी जमिनीपासून आठ फुटांवर ठेवावी. सगळे काम परवानाधारक वायरमनकडून करून त्याची सही असलेला चाचणीचा कागद फाइलला लावावा.

मला जी चूक आजही टोचते ती सांगतो. तिसऱ्या वर्षी झाड नीट उभे राहिले, पण कंत्राटदाराने झाडापासून समोरच्या इमारतीपर्यंत रस्त्यावरून आडवी माळ जेमतेम १४ फुटांवर ओढली आणि मी ती मोजून पाहिली नाही. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. रात्री साडेनऊला उसाच्या दोन ट्रॉल्या चौकातून निघाल्या आणि पहिलीच्या वरच्या मोळ्यांत ती माळ अडकली. तार ताणत गेली, तुटली आणि चालू फेजचे टोक रस्त्यावर वळवळत पडले. बाजूच्या पानटपरीवाल्याने धावत जाऊन मुख्य खटका पाडला म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या पेटीत आरसीसीबी नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारेसाठी ५.८ मीटर, म्हणजे सुमारे १९ फूट, उंचीचा नियम आहे. तेव्हापासून आम्ही रस्ता ओलांडणारी एकही माळ लावत नाही. कुणाला लावायचीच असेल तर बांबूवर खूण करून स्वतःच्या हाताने उंची मोजावी, ठेकेदाराच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

दिवे संध्याकाळी सहा ते रात्री अकरा एवढेच ठेवावेत, टायमर लावावा. २४ तारखेच्या रात्री मध्यरात्रीची उपासना असते, त्या दिवशी मंडळी घरी परतेपर्यंत चालू ठेवावेत. ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी लागते आणि रात्री दहानंतरची सूट जिल्हा प्रशासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांनाच असते, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. ती यादी पाहिल्याशिवाय कार्यक्रमपत्रिका छापू नये. पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि अग्निशमन यांचे अर्ज एकाच दिवशी देऊन सर्वांच्या पोचा एका फाइलीत ठेवाव्यात.

उतरवताना

उद्घाटनाला शंभर हात असतात, उतरवायला चार मिळतात, म्हणून उतरवणारी नावे दिनदर्शिकेवर आधीच घालावीत. आमच्याकडे झाड जयंती समितीची पोरे उतरवतात आणि १५ एप्रिलला त्यांची कमान मंडळीतली पोरे उतरवतात. आधी मुख्य खटका पाडून पेटीला कुलूप लावावे, किल्ली वायरमनच्या खिशात ठेवावी, मगच शिडी लावावी. प्रत्येक माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून तिला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, बंद पडलेल्या माळा वेगळ्या पोत्यात घालाव्यात. कडी एकात एक बसतील अशी रचून त्यांना गंजरोधक रंगाचा हात द्यावा. वाळूची पोती त्याच दिवशी उचलावीत, नाहीतर ती फुटून चौकभर वाळू होते आणि दुचाक्या घसरतात. शेवटी जमाखर्च नगरपालिकेच्या फलकावर लावावा आणि नोंदवहीत सामान मिळाल्याची सही घेऊन सांगाडा, माळा आणि पेटीची किल्ली पुढच्या मंडळाच्या ताब्यात द्यावी. आमच्या वहीत यंदाची शेवटची नोंद अशी आहे : माळा ४०, पैकी चालू ३७, चांदणी १, टोक एक मोडलेले, कामटी बदलणे.